गिटार जरा बाजूला ठेवा, जपानी रॉकमधल्या कीबोर्डवाल्यांबद्दल बोलू

२००९ साली ‘ईडन ऑफ द ईस्ट’ नावाची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) सिरीज आली होती आणि तिच्या ओपनिंगला चक्क ओॲसिस या ब्रिटिश रॉक बँडचं गाणं होतं. जपानी ॲनिमेला ओॲसिस म्हटल्यावर काय, ज्याच्या त्याच्या तोंडी तेच, आणि एंडिंगला जो बँड वाजत होता त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढेना. तो बँड म्हणजे स्कूल फूड पनिशमेंट. नाव विचित्र आहे मान्य, पण त्यातला कीबोर्डवाला मासायुकी हासुओ काय वाजवतो ते एकदा हेडफोन लावून ऐका. गायिका आपलं शांतपणे गातेय, ड्रम्स आणि बास धावतायत आणि सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, मागे पडद्यासारखा लटकत न राहता मध्येच घुसतोय, सुराला कापतोय, पुन्हा पळतोय. मला त्या सिरीजची स्टोरी आता नीटशी आठवत पण नाही पण तो सिंथ डोक्यात बसला तो बसलाच. आणि तिथून जी सवय लागली ती अशी की कुठलाही जपानी बँड लावला की आधी बघायचं, कीबोर्डवर कोण आहे.

कारण आपल्याकडे रॉक ऐकणाऱ्यांचं एक ठरलेलं असतं, रॉक म्हणजे गिटार, कीबोर्ड म्हणजे स्लो गाण्यात भरीला असतो तो. जपानी बँड ऐकले की हे सगळं उलटंपालटं होतं. तिथे कीबोर्डवाला कितीतरी बँडमध्ये गाणी लिहितो, बँड चालवतो, पुढे उभा राहतो आणि गिटारिस्टशी उघड उघड भांडतो (सुरांनी हो).

असं का, तर माझं मत असं की याची मुळं दोन. एक तर वाद्यंच तिथली. यामाहा, रोलँड, कॉर्ग, कावाई, कॅसिओ, सगळे तिथलेच. टोराकुसू यामाहाने १८८७ मध्ये हामामात्सूतल्या एका शाळेचा बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त करून दिला आणि तिथून ती कंपनी उभी राहिली. रोलँड १९७२ ला ओसाकात इकुतारो काकेहाशींनी काढली. कॉर्गचा एमएस-२० १९७८ चा, रोलँडचा ज्युपिटर-८ १९८१ चा, यामाहाचा डीएक्स७ १९८३ चा, म्हणजे जगभरच्या ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा आवाज बघितला तर निम्मा तिथूनच निघालाय. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलायला लागली ती मिडी नावाच्या सामाईक डिजिटल भाषेमुळे, त्यातही काकेहाशींचा मोठा हात होता, २०१३ मध्ये त्यांना आणि डेव्ह स्मिथ यांना त्यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळालं. दुसरं मूळ म्हणजे क्लास. यामाहाने १९५४ मध्येच लहान मुलांचे म्युझिक क्लास सुरू केले, १९५९ ला इलेक्टोन नावाचा घरगुती इलेक्ट्रॉनिक ऑर्गन आणला, आणि मग पिढ्यान् पिढ्या पोरं पोरी पियानो शिकून मोठी झाली. त्यातल्या काहींना शोपँ वाजवायचा कंटाळा आला की बँड तयार. माझं गणित आपलं सोपं आहे.

पण खरी गोष्ट सुरू होते इसाओ तोमितापासून. हा माणूस रॉकवाला नाही, ऑर्केस्ट्राचा संगीतकार. याने १९७१ च्या सुमारास अमेरिकेतून मूग सिंथेसायझर मागवला, तो भलामोठा मॉड्युलर, नुसती बटणं आणि वायरी. तो जपानच्या कस्टममध्ये अडकला कारण हे वाद्य आहे यावर अधिकाऱ्यांचा विश्वासच बसेना, त्यांना ते लष्करी सामान वाटलं. शेवटी कीथ इमर्सन स्टेजवर मूग वाजवतोय असा फोटो दाखवून तो सोडवावा लागला असं तोमिता स्वतः सांगायचे. म्हणजे बघा, एका इंग्लिश रॉक कीबोर्डवाल्याच्या फोटोवर जपानमधला सिंथ सुटला. त्यावर त्यांनी फ्रेंच संगीतकार देब्युसीची पियानोची पीसेस अख्खीच्या अख्खी सिंथवर बसवली, तो अल्बम १९७४ चा. आणि त्यांच्या हाताखाली एक पोरगा काम करायचा, हिदेकी मात्सुताके. हे नाव लक्षात ठेवा.

१९७८ ला हारुओमी होसोनो, युकिहिरो ताकाहाशी आणि र्युइची साकामोतो या तिघांनी यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा काढला. वायएमओ. साकामोतो कीबोर्डवर, होसोनो बासवर, ताकाहाशी ड्रम्सवर, आणि मात्सुताके, ज्याला चौथा मेंबर म्हणतात, तो मागे मूग घेऊन. या मूगला जपानमध्ये ‘तान्सू’ म्हणायचे, म्हणजे कपड्यांचं कपाट, कारण दिसायचाच तसा, आणि स्टेजवर त्याचे दिवे लुकलुकत असायचे. त्याला जोडलेला असायचा रोलँडचा एमसी-८, १९७७ चा सीक्वेन्सर, म्हणजे आधी भरून ठेवलेले सूर सिंथकडून आपोआप वाजवून घेणारं यंत्र. आजच्या पोरांना लॅपटॉपवर माउसने सूर ओढायची सवय आहे, एमसी-८ मध्ये ते काही नाही, नंबरचं कीपॅड. प्रत्येक सुरासाठी आकडे टाकायचे, सूर कुठला, तो किती वेळाने यायचा, किती वेळ दाबून ठेवल्यासारखा वाजायचा. सगळं आकड्यात. एक गाणं म्हणजे आकड्यांची रांगच रांग, आणि ते सगळं कॅसेटवर सेव्ह करून ठेवायचं. अकाउंट्सवाल्यांचं काम वाटतं ना? आणि त्यातून बाहेर काय पडायचं तर ‘रायदीन’! घोडा दौडत येतो तसा आवाज ऐकू येतो ना त्यात, तो पण सिंथचाच. गाणं ताकाहाशीचं, म्हणजे ड्रमरने केलेलं, नाव रायदेन या जुन्या सुमो पैलवानावरून.

मशीन ठरलेल्या वेळेला वाजणार म्हटल्यावर माणसांना तिच्यामागे जावं लागतं. म्हणून ताकाहाशी कानाला हेडफोन लावून ड्रम्स वाजवायचा, कानात क्लिक, म्हणजे ठेक्याची टकटक. जुने व्हिडिओ बघा, चेहऱ्यावर काही नाही, अंगात लाल सूट, आणि हात मात्र घड्याळाला लाजवतील असे. मला विचाराल तर वायएमओ थंड वाटत नाही ते याच माणसामुळे. मशीनच्या ठोक्यात माणसाचा ठोका नेमका बसवणं हे मशीन चालवण्यापेक्षा अवघड.

आता माझा सगळ्यात आवडता किस्सा. १९७९ ला वायएमओ लंडन, न्यूयॉर्क वगैरे फिरले तेव्हा त्यांच्यासोबत गिटारवर काझुमी वातानाबे होता, जॅझ फ्यूजनमधला मोठा गिटारिस्ट. शोज रेकॉर्ड झाले, लाइव्ह अल्बम काढायचं ठरलं, आणि वातानाबेच्या रेकॉर्ड कंपनीने परवानगी दिली नाही. करार दुसऱ्या कंपनीशी, तुमच्या रेकॉर्डवर आमचा माणूस वाजणार नाही, विषय संपला. मग यांनी काय केलं, गिटारचे ट्रॅक सरळ म्यूट केले आणि त्या जागी साकामोतोने स्टुडिओत बसून सिंथ वाजवला. ‘पब्लिक प्रेशर’, १९८०. तो अल्बम जपानच्या ओरिकॉन चार्टवर १ नंबरला गेला. म्हणजे लाइव्ह रॉक अल्बममधून गिटार काढून टाकली, सिंथ भरला, आणि लोकांनी डोक्यावर घेतला. कारण कोर्टकचेरीवालं होतं, सौंदर्यशास्त्राशी काही संबंध नाही, पण जपानी रॉकमध्ये पुढे जे होणार होतं ते एका वकिली अडचणीत आधीच होऊन गेलं असं मला नेहमी वाटतं. १९९१ ला ‘फेकर होलिक’ म्हणून गिटारसकट रेकॉर्डिंग बाहेर आलं. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. गिटारवालं व्हर्जन जास्त गरम आहे, वातानाबे भन्नाट वाजवतो, वादच नाही, पण मी तरी परत परत लावते ते सिंथवालंच. त्यात एक कोरडेपणा आहे जो गिटार असता तर टिकला नसता.

(आणि हो, वायएमओचंच ‘बिहाइंड द मास्क’ एरिक क्लॅप्टनने १९८६ ला गायलं आणि मायकल जॅक्सनचं व्हर्जन तो गेल्यावर २०१० च्या अल्बमवर आलं. गिटारचा देव म्हणवणारा माणूस सिंथ बँडचं गाणं गातोय, मी हे वादात हुकमाच्या पत्त्यासारखं वापरते.)

ताकाहाशी आणि साकामोतो दोघंही २०२३ ला गेले, जानेवारी आणि मार्च. त्या वर्षी फार काही ऐकवत नव्हतं.

वायएमओच्या आजूबाजूला एक वेगळीच जत्रा होती. प्लास्टिक्स नावाच्या बँडमध्ये इलस्ट्रेटर, ग्राफिक डिझायनर, स्टायलिस्ट असली मंडळी, ड्रमर नाहीच, त्याऐवजी रोलँडचा रिदम बॉक्स, आणि त्या सगळ्यांत पक्का संगीतवाला म्हणावा असा एकच, कीबोर्डवरचा मासाहिदे साकुमा, जो पुढे ग्ले आणि ज्युडी अँड मेरीसारख्या बँडचा प्रोड्युसर झाला. पी-मॉडेल तर आधी मँड्रेक नावाचा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड होता, लांबलचक गाणी वगैरे, १९७९ ला त्यांनी सगळं गुंडाळलं आणि तीन मिनिटांची तडतडी गाणी सुरू केली. त्यांचा सुसुमू हिरासावा म्हणजे ॲनिमेवाल्यांनो तोच, ‘बर्सर्क’ आणि ‘पाप्रिका’चं म्युझिक करणारा. मूनरायडर्सचा किस्सा तर कहर आहे, १९८२ ला त्यांनी ‘मानिया मानिएरा’ केला, सीक्वेन्सरने भरलेला, कंपनीला तो फारच अवघड वाटला, शेवटी तो आला तो फक्त सीडीवर, आणि सीडी प्लेयर तेव्हा बाजारात येऊन जेमतेम दोन तीन महिने झालेले! ऐकणार कोण आणि कशावर?

गोडाइगो पण सांगायला हवा, जरी तो या टोळीतला नाही. मिकी योशिनो, अमेरिकेतल्या बर्कली म्युझिक कॉलेजात शिकून आलेला कीबोर्डवाला, आणि १९७८ च्या टीव्हीवरच्या ‘मंकी’ची गाणी त्यांचीच. ह्युएन त्सांग आणि माकडराजाची गोष्ट, भारतात पोथ्या आणायला निघालेले. त्याच्या एंडिंगचं नाव ‘गांधारा’. जपानमध्ये तुफान चाललेलं हे गाणं आपल्या गांधारावर आहे हे आपल्यापैकी किती जणांना माहितीये?

ऐंशीच्या मध्यावर येऊ. रेबेका नावाचा बँड, गायिका नोक्को. लीडर होता गिटारिस्ट ताकेहिको कोगुरे. १९८५ च्या सुरुवातीला तो बँड सोडून गेला, आता बँड संपला असंच कोणीही म्हणेल. मग सूत्रं घेतली कीबोर्डवाल्या आकिओ दोबाशीने, तोच मुख्य संगीतकार झाला, आणि त्याच वर्षी ‘फ्रेंड्स’ आलं आणि बँड कुठल्या कुठे गेला. मी गिटारच्या विरुद्ध नाहीये हो, पण उदाहरणंच अशी सापडतात त्याला मी काय करू. ‘फ्रेंड्स’चा सिंथ आज ऐकला की एकदम ऐंशीच्या दशकाचा वास येतो, ज्यांना तो सहन होत नाही त्यांनी पुढे जावं, पण नोक्कोचा आवाज त्याच्यावरून जो झेपावतो ना, त्याला तसाच चकचकीत मजला खाली हवा.

त्याच काळात टीएम नेटवर्क, तेत्सुया कोमुरो. याच्याभोवती कीबोर्डची तटबंदीच असायची, एकावर एक रचलेले, मध्ये हा. १९८७ चं ‘गेट वाइल्ड’, ‘सिटी हंटर’ या ॲनिमेचं एंडिंग, एपिसोड संपायच्या आधीच इंट्रो सुरू व्हायचा आणि चित्र थांबायचं, तो क्षण ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. २०१७ मध्ये चार सीडींचा सेट निघाला, त्यात फक्त ‘गेट वाइल्ड’, ३६ वेळा, वेगवेगळी व्हर्जन्स. मी सलग ऐकायला बसले होते. दुसऱ्या सीडीनंतर मला माझंच नाव आठवेना. कोमुरो नव्वदच्या दशकात प्रोड्युसर म्हणून इतका मोठा झाला की लोक विसरले, मुळात हा बँडमधला कीबोर्डवाला. प्रिन्सेस प्रिन्सेस पण याच काळातल्या, पाचही जणी बायका, कीबोर्डवर तोमोको कोन्नो, १९८९ ला ‘डायमंड्स’ वर्षभरातला १ नंबरचा सिंगल ठरला. त्यात कीबोर्ड मिरवत नाही, पण काढून बघा, गाणं बसतं.

प्रोगवाल्यांबद्दल, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांबद्दल, लिहायला बसले तर हा ब्लॉग संपणार नाही. दोनच गोष्टी सांगते. केन्सो नावाचा बँड आहे, नाव शाळेच्या नावावरून पडलं, लीडर गिटारिस्ट योशिहिसा शिमिझू व्यवसायाने दातांचे डॉक्टर, आणि त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या काळात कीबोर्डवाले दोन, दोघांचंही नाव केनिची! ओगुची आणि मित्सुदा. दोन केनिची एकमेकांच्या वाक्यात वाक्य घालतात आणि तरी कालवाकालव होत नाही. दुसरी गोष्ट गेम खेळणाऱ्यांसाठी: ‘डार्क सोल्स’चं म्युझिक करणारा मोतोइ साकुराबा आधी देजा व्यू नावाच्या प्रोग बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा, १९८८ ला त्यांचा अल्बम आला. तो ऐका आणि मग त्याच्या जुन्या गेम्समधल्या बॉस फाइटचं म्युझिक ऐका, हात तोच आहे, पळून जाणार कुठे. फायनल फँटसीच्या नोबुओ उएमात्सूचा ब्लॅक मेजेस पण याच घराण्यातला. आणि या सगळ्यांच्या मागे पुन्हा कीथ इमर्सन, कस्टममधल्या फोटोतला.

हेवी ऐकणाऱ्यांनी फिअर अँड लोदिंग इन लास वेगास लावा, कोबेचा बँड, त्यात मिनामी हा एकटा माणूस घशाच्या चिंध्या होतील असा ओरडतो, रॅप करतो आणि कीबोर्ड पण त्याचाच. मेटलकोअर चाललंय चाललंय आणि मध्येच ट्रान्स पार्टी सुरू. काही लोकांना हे अजिबात झेपत नाही. मला पहिल्यांदा हसू आलं होतं, आता त्याशिवाय जिममध्ये पाय हलत नाहीत.

पोलिसिक्सचं नावच कॉर्गच्या पोलिसिक्स सिंथवरून आलंय. १९९७ पासून चालू, नारिंगी जंपसूट, डोळ्यांवर काळी पट्टी, डीव्हो या अमेरिकन बँडचे भक्त. हिरोयुकी हायाशी स्टेजभर माकडउड्या मारत असायचा आणि शेजारी कायो सिंथ आणि व्होकोडर (आवाज यंत्रासारखा करणारं वाद्य) घेऊन, चेहऱ्यावरची रेष हलणार नाही. एकीकडे एवढा आरडाओरडा आणि दुसरीकडे ती मान यंत्रासारखी वळवतेय. त्या बँडची अर्धी गंमत तिच्या त्या मख्खपणात होती. मार्च २०१० मध्ये टोकियोच्या बुडोकान हॉलमधला शो करून ती बाहेर पडली. बँड नंतरही चांगला आहे, पण मी जुनंच ऐकते.

आणि साकानाक्शन. सापोरोचा बँड, कीबोर्डवर एमी ओकाझाकी, गाणी इचिरो यामागुचीची. यांचं ‘म्युझिक’ लाइव्ह बघाच, २०१३ च्या कोहाकूत, म्हणजे एनएचकेच्या वर्षअखेरीच्या कार्यक्रमात, त्यांनी हेच केलं होतं. सुरुवातीला पाचही जण एका ओळीत, काळे गॉगल, पुढ्यात लॅपटॉप, कोण ड्रमर कोण गायक काही कळत नाही. गाणं चढत जातं आणि मग कधीतरी ते बँड झालेले असतात, गिटार गळ्यात, ड्रम्स सुरू, आणि शेवटचा कोरस धाडकन आदळतो. डान्स म्युझिक आधी आणि रॉक नंतर, एकाच गाण्यात, आणि सांधा दिसत नाही. तो सांधा बुजवायचं काम ओकाझाकीचं. ती कधीच सोलो बिलो घेत नाही. एक छोटा फ्रेज धरून ठेवते, आजूबाजूचं सगळं बदलतं आणि तोच फ्रेज आता वेगळा वाटायला लागतो. २०१५ च्या ‘शिन ताकाराजिमा’त लक्ष देऊन बघा.

नव्या लोकांत पासपिएचा हानेदा नारिता, टोकियोच्या कला विद्यापीठात पियानो शिकलेला, बँडचं नावही देब्युसीच्याच पीसवरून. गेसू नो किवामी ओतोमेची चॅन मारी, जिचे हात पियानोवर असे पळतात की गायकाकडे बघायचं राहून जातं. ऑफिशियल हिगे डँडिझममध्ये तर गायकच पियानोवर. माझी एकच तक्रार आहे, आता कितीतरी बँड कीबोर्डवाल्याला नुसतं ‘सपोर्ट मेंबर’ म्हणून घेतात. गाण्याचा पाया तो घालणार, टूरवर रोज तो वाजवणार, आणि फोटोत चौघेच. किंवा त्याहून वाईट, माणूसच नाही, सगळं कॉम्प्युटरवरून सोडायचं. वायएमओनेही मशीन लावली होती, पण मशीनवाल्याला स्टेजवर बसवलं होतं, दिव्यांसकट.

याच्या अगदी उलटा प्रकार म्हणजे ॲव्हेंजर्स इन साय-फाय. यांच्या पायाशी इफेक्ट पेडलचा ढीग असतो आणि सिंथ वाटतो त्यातला बराचसा आवाज गिटार आणि बासमधून काढलेला. गिटारिस्टलाच सिंथ व्हायचंय!

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आधी ‘पब्लिक प्रेशर’, मग रेबेका, मग थेट साकानाक्शन घ्या, मधलं हळूहळू भरत जाईल. वेळ असेल तेव्हा फिशमान्सचा १९९६ चा ‘लाँग सीझन’, एकच गाणं आहे, ३५ मिनिटांचं, कीबोर्डचा एक छोटासा फ्रेज फिरत राहतो, मध्ये थांबवायचं नाही. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काहीही लावू नका, खालचा सिंथ बास गायब होतो आणि मग मला येऊन सांगता की पोकळ वाटलं. आणि ‘गेट वाइल्ड’चा तो ३६ चा सेट मात्र एकट्याने ऐकायचा असतो, घरच्यांवर प्रयोग नको.